इलेक्ट्रिक पाळणा घेताय? आधी महिने मोजा, मग पैसे

बाळंतीण घरी आली की पहिले आठ-दहा दिवस सगळे हौसेने पाळण्याची दोरी ओढतात. मग पाहुणे पांगतात, बाबांची रजा संपते, आणि रात्री अडीच वाजता आई किंवा आजी दोरी हातात धरून बसल्या बसल्या पेंगत असते. इलेक्ट्रिक पाळण्याचा विचार बहुतेक घरांत अशाच एखाद्या रात्री डोक्यात येतो आणि तिथल्या तिथे मोबाईलवर ऑर्डर जाते. माझ्या थोरलीच्या वेळी आम्ही तेच केलं. ९ हजारांचा पाळणा, सोबत रिमोट, ब्लूटूथ आणि बारा गाणी. वापरला सगळा मिळून अडीच महिने. धाकट्याच्या वेळी निम्म्याहून कमी पैशांत जे घेतलं ते पाच महिने रोज चाललं, आणि नंतर माझ्या नणंदेकडे गेलं. फरक नशिबाचा नव्हता. दुसऱ्या खेपेला काय विचारायचं ते माहीत होतं, एवढंच.

पहिली पायरी : महिने मोजा

खोक्यावर '० ते २४ महिने' किंवा '२० किलोपर्यंत' असं ठळक छापलेलं असतं. ही २० किलो म्हणजे मोटरची आणि सांगाड्याची ताकद. बाळ २० किलोचं होईपर्यंत त्यात झोपवायचं असा त्याचा अर्थ नाही. बाळ स्वतःहून पालथं पडायला लागलं, किंवा हातांवर जोर देऊन उठू पाहू लागलं, की लटकत्या पाळण्याचे दिवस संपले. कुणाचं हे चौथ्या महिन्यात होतं, कुणाचं सहाव्यात. खुर्चीसारखा झोका थोडा जास्त चालतो; पण बाळ आधाराशिवाय बसू लागलं किंवा बाहेर झेपावू लागलं की तोही बंद.

म्हणजे हाताशी येतात चार-पाच महिने, फार तर सहा. आता किमतीला त्या महिन्यांनी भागा. ९,००० रुपयांचा पाळणा पाच महिने वापरला तर महिन्याला १,८०० आणि दिवसाला ६० रुपये पडले. ४,००० चा असेल तर दिवसाला २७ रुपये. हा आकडा समोर आला की 'अजून दोन हजार घातले तर ब्लूटूथ मिळतंय' हा मोह आपोआप कमी होतो.

खरेदी कधी करायची हाही प्रश्न असतो. बाळ यायच्या आधी घरात पाळणा आणू नये असं पुष्कळ घरांत मानतात. माझ्या सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते सोयीचं ठरलं. पहिले दोन-तीन आठवडे बाळ खाऊन झोपण्यापलीकडे फारसं काही करत नाही. काही बाळांना झोके आवडतच नाहीत. तेव्हा आधी चौकशी करून ठेवा, दोन-तीन पर्याय लिहून ठेवा, आणि बाळाचा स्वभाव कळला की घ्या. बारशाच्या दिवशी फुलांनी सजवायला लाकडी पाळणा नात्यातून किंवा शेजारून मिळतो. त्यासाठी मोटरची गरज नाही.

दुसरी पायरी : बाळ कोणत्या घरी राहणार?

दुकानदार हे विचारत नाही, पण आपल्याकडे हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. तिथे दीड-दोन महिने, कधी तीन, मग सासरी किंवा आपल्या घरी. आमचा पहिला पाळणा कराडला आईकडे आला. सांगाडा सगळा वेल्डिंगचा, एकही नट सुटणारा नाही. ठाण्याला निघायच्या दिवशी तो गाडीच्या डिकीत जाईना, मागच्या सीटवर ठेवावा तर बाळ, मी आणि आई कुठे बसणार? शेवटी तो कराडलाच माडीवर राहिला. नऊ हजारांतले निम्मे पैसे तिथेच अडकले.

म्हणून विचारा : पाळणा सुटा होतो का? किती भागांत? पुन्हा जोडायला कोणता पाना लागतो आणि तो खोक्यात येतो का? मोटरचा डबा वेगळा काढता येतो का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण मोटर वेगळी निघत असेल तर दोन्ही घरी साधे स्टँड ठेवून एकच मोटर नेता-आणता येते. एका खोलीत राहणाऱ्यांनी जमिनीवर पायांचा पसारा मापून बघावा. खाट, कपाटाचं दार आणि पाळण्याचे पाय यांच्यामधून रात्री अंधारात चालायला वाट उरली पाहिजे.

तिसरी पायरी : प्रकार ओळखा

बाजारात 'ऑटोमॅटिक पाळणा' या एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. खाली दिलेले भाव ढोबळ आहेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे नुसती मोटर. एक डबा असतो, तो तुमच्या घरच्या पाळण्याला जोडायचा आणि तो दोरी ओढत राहतो. किंवा डब्याखाली स्प्रिंग असते, तिला झोळी अडकवायची आणि ती खालीवर हलते. साधारण २,००० ते ५,००० रुपये. घरात आधीच चांगला लोखंडी किंवा लाकडी पाळणा असेल तर माझं मत सरळ याच बाजूला आहे. पैसा मोटरवर जातो, तिथेच तो जायला हवा.

त्यानंतर स्टँडसकट आलेला पूर्ण पाळणा : लोखंडी सांगाडा, कापडी झोळी किंवा सपाट तळ, मच्छरदाणी, टायमर, बहुतेकदा रिमोट. ५,००० ते १०,०००. बहुतेक कुटुंबं हाच घेतात, आणि सगळ्यात जास्त डावं-उजवंही यातच असतं.

मग खुर्चीसारखे झोके, ज्यात बाळ पट्ट्याने बांधून अर्धवट टेकवलेलं असतं. ६,००० पासून सुरू होऊन परदेशी नावं आली की २० हजारांच्या पुढे. दिसायला देखणे, स्वयंपाकघरात नजरेसमोर ठेवायला सोयीचे. पण हे झोपायची जागा नव्हेत. त्याबद्दल खाली सविस्तर.

चौथी पायरी : झोप आणि झोका वेगळे ठेवा

इथे जरा थांबून वाचा, कारण बजेटपेक्षा हे मोठं आहे.

तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक. अर्धवट बसत्या स्थितीत झोप लागली की डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दबते. बाळ रडत नाही, धडपडत नाही. शांत झोपल्यासारखंच दिसतं. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर झोपवावं, आणि झोक्यात किंवा कारच्या सीटमध्ये झोप लागली तर सपाट जागी हलवावं. त्याच वर्षी अमेरिकेत १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या बाळांच्या झोपण्याच्या साधनांवर कायद्याने बंदी आली.

आपल्याकडची झोळी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, मग तिचं काय, असं कुणीही विचारेल. मीही साडीच्या झोळीतच वाढले. पण त्या झोळीची दोरी कुणाच्या तरी हातात असायची. दोरी ओढणारी आजी दर मिनिटाला आत डोकावायची, तोंडावरचा पदर सारायची, मान वाकडी झाली तर सरळ करायची. मोटर दोरी ओढते, आत डोकावत नाही. त्यामुळे हाताच्या झोळीत जे निभावलं ते मोटरच्या झोळीत निभावेलच असं नाही.

म्हणून निवडताना तळ सपाट राहणारा पाळणा बघा. काही पाळण्यांत कापडाखाली कडक तळ किंवा चौकट असते. बाळ ठेवल्यावर कापड खोलगट होऊन गुंडाळत असेल, दोन्ही बाजूंचं कापड गालाला टेकत असेल, तर तो किमतीला कितीही चांगला असला तरी नको. मऊ उशा, डोक्याभोवतीची गोल उशी, कडेचे गुबगुबीत लोड, जाड गोधडी हे सगळं काढून ठेवा. मोहरीची उशी आजीने प्रेमाने शिवलेली असते, ते समजतं, पण झोपेच्या वेळी तीही बाहेर. खुर्चीच्या झोक्यात बाळ जागं असताना वीस-पंचवीस मिनिटं, पट्टे लावून, नजरेसमोर. डोळे मिटले की उचलून सपाट अंथरुणावर. उचलताना जागं होतं ही सगळ्या आयांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. डोळे जड झाले, पण पूर्ण मिटले नाहीत, अशा वेळी उचललं तर बऱ्याचदा जमतं.

बाळ दिवस पूर्ण न होता जन्मलं असेल, वजन कमी असेल किंवा श्वासाची काही तक्रार असेल, तर कुठलाही झोका घेण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. घेतल्यावर नव्हे.

पाचवी पायरी : दुकानात पिठाची पिशवी घेऊन जा

ही युक्ती मला दुसऱ्या वेळी सुचली आणि तिनेच पैसे वाचवले. रिकामा पाळणा प्रत्येक दुकानात लोण्यासारखा हलतो. म्हणून घरून ५ किलोची पिठाची पिशवी न्यायची, आत ठेवायची आणि मोटर चालू करायची. पहिल्या दुकानात पिशवी ठेवताच मोटरने दोन हेलकावे दिले आणि नुसती गुणगुणत राहिली. दुसऱ्या दुकानात पाळणा हलत होता, पण प्रत्येक झोक्याला मागचा डावा पाय फरशीवरून करंगळीच्या नखाएवढा उचलला जात होता आणि टक् करून खाली येत होता. दुकानदार म्हणाला, "ताई, घरी बरोबर बसेल." फरशी दुकानातही सपाटच होती. तिसऱ्या दुकानातला पाळणा पिशवीसकट दहा मिनिटं चालला. आम्ही तोच घेतला.

त्या दहा मिनिटांत पाच गोष्टी बघा. आवाज : कान पिशवीजवळ, म्हणजे बाळाचं डोकं येईल तिथे नेऊन ऐका. दिवसा बाजाराच्या गोंगाटात ऐकू न येणारी कटकट रात्री दोन वाजता स्पष्ट ऐकू येते. थांबणं : टायमर संपल्यावर पाळणा हळूहळू थांबतो की झटका देऊन? झटक्याने बाळ दचकून उठतं आणि मोटर घेतल्याचा उपयोगच राहत नाही. वेग : सगळ्यात कमी वेग खरोखर कमी आहे का? नवजात बाळाला तोच लागणार. अडवून बघा : हलता पाळणा हाताने हळूच धरला तर मोटर जोर लावत राहते की सोडून देते? सोडून देणारी घ्या. घरात दुसरं लहान मूल असेल तर हे फार मोलाचं आहे, कारण ते मधे बोट घालणारच. आणि मोटर गरम होते का, तेही हात लावून बघा.

स्प्रिंगचा पाळणा घेत असाल तर स्प्रिंगच्या आतून किंवा शेजारून एक सैलसर मजबूत दोरी अथवा साखळी गेलेली असली पाहिजे. उद्या स्प्रिंग तुटली तर पाळणा त्या दोरीवर अडकेल, खाली येणार नाही. ती नसेल तर तो पाळणा दुकानातच राहू द्या. आकडा छताला लावणार असाल तर तो स्लॅबमध्ये पक्का बसलेला हवा. पीओपीच्या छताला, पंख्याच्या हुकाला किंवा जुन्या वाळवी लागलेल्या तुळईला नाही. झोक्याचा भार नुसत्या वजनाहून जास्त असतो. आम्ही बाळाच्या आधी त्या आकड्याला गव्हाचं अर्धं पोतं एक दिवस टांगून ठेवलं होतं.

कापड सुती, काढून धुता येणारं आणि शक्यतो दोन जोड. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गुळगुळीत सिंथेटिक गादीवर बाळाच्या पाठीला घामोळं येतं. कोकणात आणि मुंबईत सांगाड्याला गंज धरतो, तेव्हा वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग नीट बसला आहे का ते नखाने खरवडून बघा.

सहावी पायरी : विजेचं गणित

बिलाची काळजी करू नका. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे जास्तीत जास्त २४ वॅट. दिवसाला आठ तास चालवला तरी महिन्याला ६ युनिटांच्या आत.

काळजी अडॅप्टरची करा. त्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बघून घ्या. २३० व्होल्ट फक्त अडॅप्टरपर्यंत यावेत आणि बाळाजवळ १२ व्होल्टची बारीक वायर जावी, हे बरं. मोटरच्या डब्यापर्यंत थेट मोठी वायर जाणारी जुन्या धाटणीची यंत्रं टाळा. वायर बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर, पाळण्याच्या दांडीला मागच्या बाजूने बांधा.

गावाकडे लाईट जाते, तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात : इन्व्हर्टरवर चालतो का, आणि मोटर बंद असताना हाताने सहज झोका देता येतो का? काही पाळणे मोटर बंद झाली की अडकून बसतात. सेलवर चालणारे झोके जाहिरातीत छान वाटतात, पण मोठे सेल रोज वापरात भराभर संपतात आणि त्यांचा खर्च किमतीत धरलेला नसतो.

रिमोट असलाच तर त्याच्या झाकणाला स्क्रू हवा. आत बटणाएवढा चपटा सेल असतो. मोठ्या भावंडाने तो गिळला तर अन्ननलिकेत काही तासांत जखम होते. असं झाल्याचा संशय जरी आला, तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

पैसे कुठे घालायचे नाहीत

गाणी नकोत, आईचा आवाज आणि फार तर मोबाईलवर मंद आवाजातलं एखादं अंगाईगीत पुरतं. रंगीत दिवे रात्री उलटे झोप उडवतात. वर फिरणारी खेळणी दोन-तीन महिन्यांनंतर बाळाला आवडतात, पण ती वेगळी घेऊन गादीवरही टांगता येतात. रडण्याचा आवाज ऐकून आपोआप सुरू होणारा पाळणा मला स्वतःला पटत नाही, कारण बाळ भुकेने रडतंय की पोटात वात धरलाय हे आपण येऊन बघायचं असतं. मच्छरदाणीवर मात्र खर्च करा. चेन असलेली, ताणून बसणारी, तोंडावर न लोंबणारी.

वापरलेला, भाड्याचा, परदेशातून आलेला

चार-पाच महिन्यांच्या वस्तूसाठी वापरलेला पाळणा घेण्यात काहीच कमीपणा नाही. पुण्या-मुंबईत भाड्यानेही मिळतात, आणि बाळाला झोका आवडतो का हे कळण्यासाठी एक महिना भाड्याने घेणं हा फार चांगला मार्ग आहे. कापड नवीन घ्या, नट-बोल्ट नवीन घाला, आणि पिठाच्या पिशवीची परीक्षा इथेही करा.

अमेरिकेतून कुणी भावाने किंवा मैत्रिणीने पाठवलेला झोका असेल तर दोन गोष्टी तपासायच्या. एक, अडॅप्टरवर 'इनपुट १००–२४० व्होल्ट' लिहिलेलं आहे का. फक्त १२० असेल तर आपल्याकडच्या २३० व्होल्टला तो पहिल्याच दिवशी जळेल. दुसरी, ते मॉडेल धोक्यामुळे कंपनीने परत मागवलेल्यांपैकी तर नाही ना. ऑक्टोबर २०२४ मध्ये फिशर-प्राइसचे २० लाखांहून अधिक स्नुगा झोके अशा सूचनेत आले. २०१२ ते २०२२ या काळात त्यांत झोपवलेल्या पाच बाळांचा मृत्यू झाल्याची नोंद होती. त्यातली डोक्याची गादी आणि अंगाभोवतीचा आधार काढून टाकायला सांगितलं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये फोरमॉम्सच्या मामारू झोक्यांबद्दल सूचना निघाली, तिथे कारण वेगळं होतं : रिकाम्या झोक्याखाली लोंबणारे पट्टे. रांगतं बाळ त्यात अडकलं आणि दहा महिन्यांचं एक मूल दगावलं. तेव्हा तुमचा झोका कुठल्याही कंपनीचा असो, बाळ उचललं की पट्टे वर आत टाकायची सवय लावा, आणि घरात कुणी रांगायला लागलं की झोका जमिनीवर नसलेला बरा.

घेतल्यानंतर

ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडताना मोबाईलवर चित्रीकरण करा. स्क्रू कमी निघाले किंवा मोटर फुटलेली असली तर कंपनी हेच मागते. बिलावर दुकानाचा शिक्का आणि मोटरची वॉरंटी लिहून घ्या, 'तोंडी देतो' नको. सुटी मोटर आणि सुटा अडॅप्टर मिळतो का आणि कितीला, हे आधीच विचारा. अडॅप्टर मिळत नसेल तर दोनशे-तीनशे रुपयांच्या भागापायी सगळा पाळणा पडून राहतो. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पहिल्या दिवशी बाळ ठेवण्याआधी तासभर पिशवी ठेवून चालवा आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळा. सततच्या हलण्याने ते सैल होतातच. आम्ही दर रविवारी बाळाच्या अंघोळीआधी पाना फिरवायचो. बाळ ठेवल्यावर हनुवटीखाली दोन बोटं मावतात का बघायचं, सगळ्यात कमी वेग लावायचा, टायमर पंधरा-वीस मिनिटांचा, आणि कुणीतरी मोठं माणूस त्याच खोलीत.

आणि बाळ पालथं पडलं त्या दिवशी पाळणा सोडायचा. सगळे नट, बोल्ट आणि पाना एका कापडी पिशवीत घालून ती सांगाड्याच्याच दांडीला बांधा. अडॅप्टरवर 'पाळण्याचा' अशी चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातल्या राउटरच्या अडॅप्टरमध्ये तो मिसळून जातो. आमचा तसाच बांधून नणंदेकडे गेला तेव्हा तिच्या घरी तो वीस मिनिटांत उभा राहिला.